कटू हॉप्स, कडू हॉप्स आणि बिचारा तिक्त

प्रश्न असा आहे: घरी बिअर बनवायच्या पुस्तकातली भरपूर हॉप्सवाल्या (हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) बिअरची कृती मराठीत आणताना 'बिटरिंग हॉप्स'ना 'कटू हॉप्स' म्हणावं की 'तिक्त हॉप्स'? सोबत प्रश्नकर्त्याने नमुन्याच्या दोन ओळी दिल्या आहेत. 'कटू हॉप्स २८ ग्रॅम, ६० मिनिटांनी. सुगंधी हॉप्स २८ ग्रॅम, ५ मिनिटांनी.'

आधी त्या 'मिनिटांनी'कडे बघू, कारण तिथे नुसती भाषा नाही, बिअरच बिघडते. या पुस्तकांत हॉप्सच्या तक्त्यातली वेळ उलटी मोजलेली असते. '६० मि.' म्हणजे उकळणं संपायला ६० मिनिटं असताना, आणि '५ मि.' म्हणजे संपायला ५ असताना. तक्त्यात शून्य आलं की आच बंद. 'दहा मिनिटांनी ये' म्हटलं तर मराठी माणूस आत्तापासून पुढे मोजतो. तासाभराच्या उकळीत हा अनुवाद पाळला तर वासासाठीचे हॉप्स ५५ मिनिटं रटरटतील आणि त्यांचा वास वाफेबरोबर निघून जाईल. कडूपणासाठी आणलेले पडतील आच बंद करताना! हॉप्समधली अल्फा आम्लं उकळताना रूप बदलतात तेव्हा कुठे कडूपणा येतो, आणि त्याला वेळ लागतो. पुस्तकांतलं नेहमीचं माप ५ अमेरिकन गॅलन, म्हणजे साधारण १९ लिटर. त्यात ६ टक्के अल्फा आम्लाचे २८ ग्रॅम हॉप्स तासभर उकळले तर कडूपणा मोजायच्या टिनसेथच्या सूत्राने मध्यम दाट वर्टमध्ये, म्हणजे आंबवण्याआधीच्या गोड काढ्यात, २० आयबीयूच्या आसपास येतात, पाच मिनिटं उकळले तर जेमतेम ४. (आयबीयू हे कडूपणाचं एकक; एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे एक मिलिग्रॅम त्या बदललेल्या आम्लाचं.) मराठीला उलटं मोजणं काही नवं नाही. 'पाच वाजायला दहा मिनिटं आहेत' हे आपण रोज म्हणतोच की. मग 'उकळणं संपायला ६० मिनिटं असताना' लिहायला जीभ का अडखळते?

आता 'कटू'. मराठीत कटू असतं ते सत्य, नाहीतर अनुभव. जिभेला लागतं ते कडू. 'कटू हॉप्स' वाचून मला वाटतं, हॉप्सचं जुनं काही भांडण आहे. बरं, संस्कृतचा मान राखायला म्हणून हा शब्द घेतला असेल, तर तिथेही फसगतच आहे. संस्कृतात षड्रसांतला कटु म्हणजे आपलं तिखट! त्रिकटू आठवा: सुंठ, मिरी, पिंपळी. त्यातलं एक तरी कडू आहे का? कडू रसाला तिथे शब्द आहे तिक्त. आणि आपलं कडू आलं ते या कटुपासूनच. म्हणजे बाप तिखट आणि मुलगा कडू, असं हे घराणं. हिंदीत मोहरीच्या तेलाला 'कडवा तेल' म्हणतात, तो झणका त्या जुन्या अर्थाचाच.

इथे कोणीतरी विद्वान हमखास उठतात आणि सांगतात, 'मग तिक्तापासून तिखट झालं, दोघांनी जागा बदलल्या.' किती सुबक! आणि किती चूक. प्राकृतात 'क्त'चा 'त्त' होतो. भक्त, भत्त, भात. मौक्तिक, मोत्तिअ, मोती. तिक्ताचंही तसंच तित्त झालं आणि बंगालीत तेतो, नेपाळीत तितो म्हणून ते अजून कडूच्याच अर्थाने नांदतंय. मराठीत मात्र बिचाऱ्याची नोकरी गेली. तिखटातला 'ख' येतो 'क्ष'मधून: तीक्ष्ण, तिक्ख, तिखट. क्षाराचा खार झाला तसाच. शेवटचा 'ट' बघून तिक्ताचा 'त' आठवत असेल तर आंबट, खारट, तुरट एका ओळीत म्हणून बघा. तो नुसता प्रत्यय आहे.

गंमत पुढेच आहे. तिक्त आणि तीक्ष्ण दोन्ही एकाच 'तिज्' धातूचे, धार लावणं या अर्थाचे. तेजही त्यातलंच, आणि तितिक्षाही. तेव्हा तिक्त हा तिखटाचा बाप नसला तरी चुलता आहे. विद्वानांना एवढं नातं मी द्यायला तयार आहे, वारसाहक्क नाही.

कटु कडू का झाला? माझा तर्क असा. कटु हे मुळात एका चवीचं नाव नसावंच, तोंड फिरवायला लावणाऱ्या कशाचंही असावं. नाहीतर 'कर्णकटू' कसं झालं? कानाला कुठे चव कळते? जाळणारी चव तीक्ष्णाच्या लेकराने बळकावली, तेव्हा तोंड वाकडं करणारी कटुच्या वाट्याला राहिली. याला पुरावा मागू नका, पण दुसरं स्पष्टीकरण मला अजून पटलेलं नाही.

हां, हॉप्स. 'तिक्त हॉप्स' नको, त्याला वैद्याच्या पुडीचा वास येतो. 'कडवट'ही नको, ते किंचित कडूला. हॉप्स सगळेच कडू, त्यामुळे विशेषण न लावता काम सांगा:

कडूपणासाठी हॉप्स २८ ग्रॅम, उकळणं संपायला ६० मिनिटं असताना.
वासासाठी हॉप्स २८ ग्रॅम, संपायला ५ मिनिटं असताना.

आणि खाली 'ड्राय हॉप' आलं तर कृपा करून 'कोरडे हॉप्स' लिहू नका. ते आंबत्या बिअरमध्ये बुडतात. 'न उकळता घालायचे' लिहा.