"त्यात काय एवढं" म्हणणाऱ्या आईसाठी

प्रश्न : आई गुहागरजवळच्या गावी एकटी असते, मी पुण्यात. दर मे महिन्यात ती आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), फणसाचं साठं (फणसपोळी) पाठवते. कौतुक केलं की "त्यात काय एवढं" म्हणते. साडी पाठवली तर ती कपाटातच राहते. इतक्या लांबून तिच्यासाठी काय करू?

उत्तर : साडी राहू द्या. त्या डब्यामागची मेहनत आधी समजून घ्या. आमसुलांसाठी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, गर-बिया काढून त्यात मीठ घालायचं, सुटलेल्या रसात सालं बुडवून उन्हात पसरायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा रस, पुन्हा ऊन. अशी चार-पाच पुटं तरी लागतात. मधेच आभाळ आलं की सगळं उचलून पडवीत न्यायचं, आणि हे सगळं ती एकटीने करते.

म्हणून फोनवर नुसतं "छान झालीत" म्हणू नका. "यंदा मीठ बेताचं आहे, पण तळाची आमसुलं ओलसर लागली," असं नेमकं सांगा. शेवटचं ऊन कमी पडलं, हे तिला लगेच कळेल, आणि तुम्ही डबा तळापर्यंत पाहिलात हेही. आमसुलांवर पांढरं दिसलं म्हणून ती लगेच टाकून देऊ नका. खरखरीत असेल, पाण्यात विरघळत असेल तर ते मीठच. कापसासारखं मऊ असेल, कुबट वास येत असेल तर बुरशी; अशी आमसुलं मात्र खाऊ नका. साठं पावसाळ्यात फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर चिकट होतं.

फोन दिवेलागणीला नको, दुपारची जेवणं आटोपल्यावर करा.

पैसे खर्च करायचेच तर आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांवर करा. मृग ७-८ जूनला लागतो. त्याआधी फुटकी कौलं बदलायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, आणि मेअखेरीस सगळ्यांनाच गडी हवे असतात. तेव्हा एप्रिलमध्येच विचारा, "यंदा कोणाला सांगायचं?" माणूस तिने ठरवावा, मजुरी तुम्ही पाठवा. तिला न विचारता परस्पर कोणाला धाडलंत तर ती दुखावेल. नेहमीच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या आधीच भरून ठेवा. वादळात वीज जाते, त्यासाठी चार्जिंगची बॅटरीही द्या.

आणि गेल्या वर्षीच्या बरण्या? धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, झाकणांसकट एप्रिलच्या आत परत पाठवा. मे महिन्यात तिला त्याच लागतात.