शाब्दिक गणितं जमत नाहीत? आधी पेन खाली ठेव

अरे टेन्शन घेऊ नकोस, तुझं गणित कच्चं नाहीये, तू वाचायची घाई करतोस एवढंच. मीही कित्येक दिवस आकडे दिसले की लगेच बेरीज-वजाबाकी सुरू करायचो आणि मग उत्तर काहीच्या काही यायचं.

सुरुवातीला एवढंच कर:

1. गणित दोनदा वाच आणि सगळ्यात आधी शेवटचं वाक्य बघ, नक्की विचारलंय काय ते स्वतःच्या शब्दात लिही.
2. दिलेली माहिती एकाखाली एक लिही, एककासकट. 45 मिनिटं म्हणजे 0.45 तास नाही, 0.75 तास! इथे भलेभले आपटतात.
3. शेवटी उत्तर परत गणितात घालून बघ.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे 'जास्त' शब्द दिसला की बेरीज. हे बघ, दोघांकडे मिळून 40 गोट्या, एकाकडे दुसऱ्यापेक्षा 12 जास्त, तर प्रत्येकाकडे किती? बरेच जण 40 चे अर्धे 20 करतात, त्यात 12 मिळवतात आणि 32 सांगून मोकळे होतात. पण मग दुसऱ्याकडे 8 उरतात, फरक झाला 24, म्हणजे गंडलं. आधी ते जास्तीचे 12 बाजूला काढ, उरले 28, त्याचे दोन सारखे भाग 14-14, आणि मग 12 एकाला परत दे. 26 आणि 14. कागदावर 40 ची एक आडवी पट्टी काढून तिचे असे भाग पाडून बघितलंस तर लगेच दिसेल.

क्ष-बिक्षच्या मागे आत्ताच लागू नकोस. रोज दोनच सोडव, पण पायऱ्या लिहून, तोंडी नको.