गोळाफेकीसाठी मनगट बळकट करायला जायरो बॉल घ्यावा का?

जायरो बॉल म्हणजे मुठीत धरून मनगटाने फिरवायचा व्यायामाचा चेंडू. पोलीस भरतीचा गोळा लांब जाईल या आशेने तो घेत असाल तर नका घेऊ. गोळ्याचा जोर पाय, कंबर आणि खांद्यातून येतो. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, तो पेलताना मनगट मागे मुडपू नये, एवढ्यापुरता या बॉलचा उपयोग.

बॉलच्या आत एक जड चक्र असतं. दोरी ओढून ते फिरवायचं, मग मनगट लयीत गोल फिरवत राहायचं. आसाची टोकं आतल्या खोबणीत घासत सरकतात, चक्राचा वेग वाढतो आणि वेगासोबत हाताला होणारा विरोधही वाढतो. एकसारखी घरघर ऐकू आली की लय जमली समजा. नुसतं जोरात हलवून काही होत नाही (पोरं पहिल्यांदा तेच करतात).

सुरुवातीला एका हाताने दोन-तीन मिनिटं पुरे. दिवसभर कापूस वेचला किंवा फवारणीच्या पंपाचा दांडा मारला असेल, तर त्या संध्याकाळी राहू द्या. तेच स्नायू आधीच थकलेले असतात. हाताला मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टर.

पकड वाढवायची असेल तर दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन धुऱ्यावरून चाला. त्याला पैसे लागत नाहीत.