माकडांत यशस्वी ठरलेली एड्सची लस माणसांत फसते, मग प्राण्यांवरील प्रयोगांचा उपयोग काय?

उपयोग आहे, मात्र माकडावरील प्रयोगातून आलेला नकार जितका भरवशाचा असतो तितका होकार नसतो, असे माझे मत आहे.

मुळात एचआयव्ही रीसस माकडाच्या पेशीत टिकत नाही, कारण तेथील ट्रिम-५ अल्फा हे प्रथिन त्याला शिरताच अडवते. चिंपांझीला लागण होते, पण एड्स क्वचितच होतो. म्हणून संशोधक रीसस माकडांना एसआयव्ही हा एचआयव्हीचा भाऊबंद विषाणू देतात, किंवा त्याला एचआयव्हीचे आवरण चढवून केलेला संकरित विषाणू वापरतात. मर्क कंपनीच्या लसीचा प्रकार अशाच एका संकरित विषाणूविरुद्ध माकडांत प्रभावी ठरला होता, परंतु अधिक चिवट एसआयव्हीपुढे तो फिका पडला होता. माणसांवरील चाचणी २००७ मध्ये थांबवावी लागली; संरक्षण तर मिळाले नाहीच, उलट लस घेतलेल्या काही पुरुषांत लागण अधिक आढळली. ‘माकडांत लस यशस्वी’ अशी बातमी वाचताना म्हणूनच कोणता विषाणू दिला होता, हे आधी पाहावे.

आता नकाराचे उदाहरण. नेफ हे जनुक काढून दुबळा केलेला जिवंत एसआयव्ही प्रौढ माकडांना संरक्षण देतो, असे १९९२ मध्ये दिसले आणि मोठी आशा निर्माण झाली. परंतु १९९५ मध्ये, त्याहूनही अधिक जनुकीय भाग काढलेला विषाणू नवजात पिलांना दिल्यावर त्यांना एड्स झाला. पुढे काही प्रौढ माकडेही आजारी पडली. तरीही १९९७ मध्ये अमेरिकेतील काही डॉक्टरांनी अशी लस स्वतःला टोचून घेण्याची तयारी दाखवली होती. त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे, पण ती लस माणसांपर्यंत आली नाही हे योग्यच झाले, आणि त्याचे श्रेय त्या पिलांवरील प्रयोगाला आहे.

औषधांच्या बाबतीत मात्र माकडांचा होकारही खरा ठरला. टेनोफोव्हिर दिलेल्या माकडांना एसआयव्हीची लागण झाली नाही, हे १९९५ मध्येच दिसले होते. हे औषध विषाणूच्या ज्या विकरावर काम करते ते दोन्ही विषाणूंत बरेचसे सारखे आहे, तर लसीचे यश शरीराच्या प्रतिकारशक्तीवर अवलंबून असते आणि तेथे माणूस व माकड वेगळे पडतात. मी बीड जिल्ह्यात एचआयव्ही समुपदेशनाचे काम करते. आमच्याकडे ऊसतोडीला जाण्यापूर्वी अनेक रुग्ण पुढील महिन्यांच्या गोळ्या घेऊन जातात, आणि त्या गोळीत हेच टेनोफोव्हिर असते.