जादू काढून घेतली, तर गोष्ट उभी राहते का?

प्रश्न : नमस्कार ताई. मी नेरूळला राहतो, नोकरी वागळे इस्टेटला. ट्रान्स-हार्बरला बसायला जागा मिळाली की पुस्तक उघडायचं, ही कॉलेजपासूनची सवय. टॉल्किन झाला, पॉटर झाला, मार्टिन आणि सँडरसनच्या जाडजूड मालिकाही झाल्या. आता नवी फँटसी घेतली की ऐरोली यायच्या आत पुढचं सगळं दिसायला लागतं : अनाथ मुलगा, त्याच्याबद्दलचं भाकीत, म्हातारा गुरू, काळोखाचा राजा आणि शेवटी मोठी लढाई. खरोखर स्वतंत्र, उत्तम लिहिलेल्या कादंबऱ्या सुचवाल का? शक्यतो एका पुस्तकात संपणाऱ्या. इंग्रजी चालेल, अनुवाद चालेल. मराठीत या प्रकारचं काही असेल असं वाटत नाही, असल्यास तेही सांगा.

उत्तर : मराठीबद्दलचं तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य नाही, पण त्याकडे नंतर येते.

कुठलीही अद्भुत कादंबरी हातात आली की मी एक गोष्ट करून पाहते. त्यातली जादू मनातल्या मनात काढून टाकते आणि उरलेली गोष्ट तशीच चालते का ते बघते. तलवारीच्या जागी पिस्तूल आणि जादूगाराच्या जागी निवृत्त फौजदार आणूनही कथानकाला धक्का लागत नसेल, तर त्या लेखकाला अद्भुताची गरजच नव्हती. तुम्हाला कंटाळा आलाय तो अशा पुस्तकांचा. या कसोटीला उतरणारी पुस्तकं कमी आहेत, पण आहेत, आणि त्यातली बरीच एका खंडात संपतात.

सुरुवात सुझॅना क्लार्क यांच्या ‘पिरानेसी’पासून करा (२०२०). एक माणूस एका अफाट घरात राहतो. दालनांमागून दालनं, सगळीकडे संगमरवरी पुतळे. खालच्या मजल्यावर समुद्र, वरच्या मजल्यावर ढग. तो मासे धरतो, समुद्रशेवाळ वाळवतो, भरतीची कोष्टकं मांडतो आणि नेटानं रोजनिशी लिहितो. त्या घरात दुसरा एकच जिवंत माणूस येतो, ठरलेल्या दिवशी. तो याला पिरानेसी म्हणतो, आणि हे आपलं खरं नाव नसावं एवढं यालाही जाणवतं. (अठराव्या शतकातल्या पिरानेसी नावाच्या इटालियन कलावंतानं काल्पनिक तुरुंगांची कोरीव चित्रं केली होती, त्याच्यावरून हे नाव.) पुढचं सांगत नाही, कारण यात रहस्य आहे आणि ते फार सचोटीनं उलगडलंय. पण कसोटी लावून पाहा : घर काढून घेतलं तर काय उरतं? काहीच नाही. त्या माणसाचा चांगुलपणा, मेलेल्यांच्या हाडांना फुलं वाहणं, पक्ष्यांशी बोलणं, हे सगळं त्या घरानं घडवलेलं आहे. क्लार्क यांची आधीची कादंबरी ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ २००४ची, तीही थोर आहे, पण आकारानं प्रचंड. ती दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवा. मधल्या वर्षांत त्या दीर्घ आजारात होत्या, हे कळल्यावर ‘पिरानेसी’तला एकांत मला अधिक कळला. या पुस्तकाला २०२१चा विमेन्स प्राइझ मिळाला.

दुसरं पुस्तक जुनं आहे, टॉल्किनच्या ‘हॉबिट’पेक्षा अकरा वर्षांनी जुनं : होप मर्लीस यांचं ‘लड-इन-द-मिस्ट’, १९२६. लड हे सुखवस्तू व्यापाऱ्यांचं शहर. दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं, आणि त्यातली एक नदी परीलोकातून येते. तिच्या वाटेनं चोरून येणारी फळं जो खातो त्याचं चित्त ठिकाणावर राहत नाही. शहरातल्या प्रतिष्ठितांनी यावर काय उपाय केला असेल? त्यांनी त्या फळाचं नाव घेणंच सोडून दिलं. कायद्याच्या कागदांतसुद्धा फळाला फळ म्हणत नाहीत. ते रेशमी कापड आहे असं धरून खटला चालवतात! नको असलेली गोष्ट कागदावर दुसऱ्या नावानं नोंदवून निश्चिंत झालेली माणसं आपण पाहिलेली आहेत. इथे लढाई नाही, निवडलेला मुलगा नाही. आहे तो एक पोक्त, घाबरट नगराध्यक्ष, ज्याच्या स्वतःच्या मुलानं ते फळ खाल्लंय. वडील म्हणून त्याला जे करावं लागतं, तेवढीच या कादंबरीची मोहीम.

आता उर्सुला ल ग्विन. तुमच्या यादीत त्या नाहीत याचं मला आश्चर्य वाटलं. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८चं. मालिका आहे, पण हे पुस्तक एकटंही पूर्ण होतं आणि पातळ आहे. जादूगारांची शाळा यात आहे, पॉटरच्या कितीतरी आधी. पण इथे जादू म्हणजे प्रत्येक वस्तूचं खरं नाव ठाऊक असणं, आणि ते उच्चारण्याआधी हजारदा विचार करणं. एका बेटावर पाऊस पाडलात तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडू शकतो, हे तिथल्या पोरांना पहिल्यापासून शिकवतात. गेड हा गरीब घरचा, हुशार, तापट मुलगा. ईर्ष्येच्या भरात तो नको ते करून बसतो आणि एक सावली जगात सुटते. पुढची सगळी गोष्ट त्या एका कृत्याची जबाबदारी कशी घ्यायची याची आहे. खलनायक शोधायला दूर जावं लागत नाही. आणखी एक : गेड सावळा आहे, त्या द्वीपसमूहातली बहुतेक माणसं काळीसावळी आहेत आणि गोरे लोक येतात ते लुटारू म्हणून. अमेरिकेत १९६८ साली असं लिहायला धैर्य लागत होतं. ल ग्विन यांचे वडील मानववंशशास्त्रज्ञ होते. परक्या समाजाकडे न हसता, न बिचकता पाहण्याची त्यांची नजर मला या बेटांवर पानोपानी दिसते. पहिलं आवडलं तर १९९०चं ‘तेहानू’ जरूर वाचा. त्यात जादूगारापेक्षा एक मध्यमवयीन विधवा आणि भाजलेली एक लहान मुलगी यांना जास्त जागा आहे. मालिकेतलं मला सर्वांत प्रिय पुस्तक तेच.

तुमची खरी तक्रार ‘निवडलेल्या मुला’बद्दल आहे, म्हणून कोलंबोचे लेखक वज्र चंद्रसेकर यांची ‘द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स’ (२०२३) मुद्दाम सांगते. नायक जन्मतो तेव्हाच आई त्याची सावली तोडून काढते आणि त्याला एकाच कामासाठी वाढवते : संतपदाला पोहोचलेल्या बापाचा खून. मोठा होऊन तो शहरात येतो आणि ते काम बाजूलाच ठेवतो. शहरात त्याच्यासारख्यांचा एक गट भरतो, भाकितांनी ज्यांना निवडता निवडता सोडून दिलं अशांचा. परवाने, ओळखपत्रं, छावण्या, जातीपातींसारख्या उतरंडी, दंगली, आणि या सगळ्यात गल्लोगल्ली उभी असलेली न उघडणारी रंगीत दारं. युरोपातल्या मध्ययुगाची उसनवारी इथे नाही. हे आपल्याच उपखंडातलं शहर आहे. पुस्तकाला नेब्युला हा विज्ञानकथा-फँटसीसाठीचा मानाचा पुरस्कार मिळाला. मधली काही पानं दाट आहेत, नेटानं काढा.

एन. के. जेमिसिन यांचं ‘द फिफ्थ सीझन’ (२०१५) तीन खंडांतलं पहिलं, म्हणजे तुमच्या अटीत बसत नाही. तरी सांगते, कारण भूकंप आवरू शकणाऱ्यांनाच गुलाम करणारा समाज त्यांनी ज्या तपशिलानं उभा केलाय तसा दुसरीकडे सापडणार नाही. तिन्ही खंडांना लागोपाठ तीन वर्षं ह्यूगो हा याच क्षेत्रातला दुसरा मोठा पुरस्कार मिळाला. पॅट्रिशिया मॅककिलिप यांचं ‘द फरगॉटन बीस्ट्स ऑफ एल्ड’ (१९७४) मात्र नेरूळ-ठाणे फेऱ्यांत आठवड्याभरात संपेल. डोंगरावर दंतकथेतल्या प्राण्यांसोबत राहणाऱ्या बाईच्या हाती कोणी एक तान्हं मूल सोपवतं, आणि माया व सूड या दोन्ही गोष्टी तिला त्यातूनच शिकाव्या लागतात. नायजेरियाच्या आमोस टुटुओला यांचं ‘द पाम-वाइन ड्रिंकार्ड’ (१९५२) तर शंभर-सव्वाशे पानांचंच. त्यात बाजारात आलेला एक देखणा पुरुष घरी परतताना भाड्यानं आणलेले अवयव वाटेत ज्याचे त्याला देत जातो, आणि शेवटी नुसती कवटी उरते. त्या इंग्रजीत योरुबा बोलीचा ठेका आहे. मोठ्यानं वाचलं तर जास्त भावतं.

मर्विन पीक यांच्या ‘टायटस ग्रोन’बद्दल (१९४६) आमच्या नौपाड्यातल्या वाचकगटात कायम दोन तट पडतात. त्यात जादू मुळीच नाही. एक महाकाय, ढासळता किल्ला, त्यात अर्थ हरवलेले रोजचे विधी, आणि स्वयंपाकघरातून वर वर चढत जाणारा एक थंड डोक्याचा पोरगा. ज्याच्या नावाचं पुस्तक तो टायटस पहिल्या भागाच्या शेवटीही बाळच आहे. गटातल्या काहींनी ते अर्ध्यावर सोडलं. मी त्याच्या बाजूनं भांडते. तो किल्ला हेच त्यातलं अद्भुत, आणि तो काढला तर तिथलं एकही माणूस श्वास घेऊ शकणार नाही. पण हे गाडीत उभ्यानं वाचायचं पुस्तक नव्हे.

आता मराठी. ज्या कथेपासून मी हा प्रकार मोजते ती पैठणची आहे. गुणाढ्य हा सातवाहन राजाच्या दरबारातला पंडित. पैजेत हरल्यामुळे तो संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडतो, विंध्याच्या रानात जातो आणि पिशाचांच्या भाषेत सात लक्ष श्लोकांची कथा लिहितो, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजा ती तुच्छतेनं परत पाठवतो. मग गुणाढ्य अग्नी पेटवतो आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकतो. रानातले प्राणी चरणं सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभे राहतात. इकडे राजा आजारी पडतो, कारण ताटातलं मांस सुकलेलं. शिकारी सांगतात, प्राणी खातच नाहीत. राजा धावत जातो तोवर सहा भाग जळालेले असतात. उरलेल्या एका भागाची म्हणून जी परंपरा सांगतात, तिच्यावरून अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ रचला : १८ लंबक (म्हणजे मोठे भाग), १२४ तरंग (म्हणजे प्रकरणं), आणि त्यातच आपला वेताळ. मराठी अनुवाद खंडांत उपलब्ध आहे. ही कादंबरी नव्हे, पण गोष्टीच्या पोटात गोष्ट कशी ठेवायची हे तिच्याइतकं कुठे शिकायला मिळणार?

आणि जी. ए. कुलकर्णी. ‘रमलखुणा’ (१९७५) या पुस्तकात दोनच दीर्घकथा आहेत, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. दोन्ही कुठल्याही नकाशावर नसलेल्या भूमीत घडतात. तिथली नावं, वाळवंटं, देवता, शकुन, सगळं जी.एं.नी स्वतः रचलं, आणि नियती हीच तिथली जादू आहे. जगातल्या कुठल्याही उत्तम फँटसीशेजारी मी ‘इस्किलार’ बिनदिक्कत ठेवेन. ‘काजळमाया’तला ‘विदूषक’ही जोडीला घ्या. शिवाय गौरी देशपांडे यांनी मराठीत आणलेले ‘अरेबियन नाइट्स’चे १६ खंड आहेतच, मुलांसाठी गाळलेली आवृत्ती नव्हे, मोठ्यांची.

तुम्ही रोज ठाण्याला उतरताच. १८९३ साली स्थापन झालेलं आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सभासद व्हा आणि मराठी पुस्तकं तिथे मागा. इंग्रजीतली बहुतेक मागवावी लागतील. माझा क्रम विचाराल तर ‘पिरानेसी’, मग लगेच ‘इस्किलार’, मग ल ग्विन. चंद्रसेकर त्यानंतर.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. परी, राक्षस, ड्रॅगन यांतच रमते. या वयात वास्तवातलं काही वाचायला नको का? तिला काय द्यावं? – एक आई, कोपरी

उत्तर : तिला मिखाएल एंडे या जर्मन लेखकाचं ‘मोमो’ (१९७३) द्या. राखाडी कपड्यांतली माणसं शहरात येतात आणि लोकांना वेळ वाचवायला शिकवतात. वाचवलेला वेळ त्यांच्या बँकेत जमा होतो आणि लोकांकडे एकमेकांसाठी क्षणभरही उरत नाही. ही माणसं चिरूट ओढतात, आणि ते चिरूट चोरलेल्या तासांचेच वळलेले असतात. त्यांना अडवते ती एक बेघर मुलगी, जिला फक्त नीट ऐकता येतं. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास असं ज्या मुलांचं चाललंय त्यांच्यासाठी याहून वास्तव पुस्तक मला माहीत नाही.

जमल्यास रात्री एकेक प्रकरण मोठ्यानं वाचा. आठवीतली मुलगी म्हणेल, मी काय लहान आहे का ऐकायला? मग तिला वाचू द्या आणि तुम्ही ऐका.