घास न चावता गिळणारी कुत्री

प्रश्न : आमची अडीच वर्षांची लॅब्राडोर अर्ध्या मिनिटात ताटली साफ करते, चावत म्हणून नाही. कधीकधी पाच मिनिटांत सगळं तसंच्या तसं बाहेर काढते आणि पुन्हा खाते. तिला पचत नाही का?

उत्तर : पचतं. कुत्र्याचे ४२ दात मुख्यतः पकडायला, फाडायला आणि कातरायला असतात. जबडा वरखाली हलतो, आपल्यासारखा आडवा फिरून दळत नाही. भाकरी चावता चावता आपल्याला गोड लागते ती लाळेतल्या अमायलेजमुळे, म्हणजे पिष्ट (स्टार्च) फोडणाऱ्या पाचक विकरामुळे. कुत्र्याच्या लाळेत ते जवळजवळ नसतंच. लाळेने घास फक्त बुळबुळीत होतो. पचन सुरू होतं जठराच्या तीव्र आम्लात, आणि भात-पोळीतलं पिष्ट फुटतं लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या अमायलेजने. या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, बहुतेक कुत्र्यांत कितीतरी जास्त. म्हणून भात त्यांना मानवतो, पण तो मऊ शिजलेला हवा.

तुम्ही सांगता ती बहुधा खरी उलटी नाही. उलटीआधी कुत्रं लाळ गाळतं, पोट आवळून ओकाऱ्या काढतं. बाहेर येतं ते अर्धवट पचलेलं, पुष्कळदा पिवळं. इथे मान खाली घालताच अन्न अलगद परत येतं, कारण ते अन्ननलिकेतच अडकलेलं असतं. हा भराभर गिळण्याचा परिणाम. मात्र हे वरचेवर होत असेल, वजन उतरत असेल किंवा खोकला असेल तर अन्ननलिका सैलावल्याची शंका घ्या आणि छातीचा एक्स-रे काढून घ्या.

उपाय सोपा आहे. एकाच वेळचं जेवण दोन-तीन वेळांत वाटा. पसरट ताटलीत मधोमध जड वाटी पालथी ठेवून भोवती अन्न पसरा. घरात दुसरं कुत्रं असेल तर दोघांना वेगळ्या खोलीत जेवू घाला. निम्मी घाई हिसकावलं जाण्याच्या भीतीची असते. जेवल्यावर तासभर पळापळ नको. कोंबडीची शिजलेली हाडं तर मुळीच नकोत, न चावता गिळणाऱ्याच्या आतड्यात त्यांचे तुकडे टोचतात.

एक लक्षण मात्र पाठ करून ठेवा : पोट ढोलासारखं फुगलंय, कुत्रं ओकाऱ्या काढतंय आणि फेसापलीकडे काही पडत नाही. जठराला पीळ पडला असू शकतो. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत हा धोका अधिक. सकाळची वाट पाहू नका, त्याच क्षणी पशुवैद्यांकडे न्या. उशीर झाला तर काही तासांत जीव जातो.