कमी बजेटमध्ये स्पर्धेत उतरेल अशी ट्रॅक रेस कार कशी बनवावी? आधी इंजिन करावं की सस्पेन्शन?

दोन्ही नाही. आधी ज्या गटात उतरायचंय त्याची नियमावली मिळवा आणि हातात पेन घेऊन वाचा. किमान वजन किती, टायर कोणते चालतात, इंजिनला हात लावू देतात का, हे कळल्याशिवाय एक बोल्टही विकत घेऊ नका. रोल केजचंच बघा, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा. एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या नियमांत मुख्य रोलबारला (ड्रायव्हरमागच्या कमानीला) ४५ मिमी व्यासाची २.५ मिमी जाड किंवा ५० मिमी व्यासाची २ मिमी जाड सीमलेस पोलादी नळी लागते. हाताशी होती ती नळी वापरून केज वेल्ड केला आणि तपासणीत नापास झाला, तर तो कापूनच काढावा लागतो.

दुसरं म्हणजे, तयार केलेली रेस कार कुणी विकत असेल तर तीच घ्या. रेस कारमध्ये घातलेला पैसा विकताना वसूल होत नाही, आणि त्याचा फायदा घेणाऱ्याला मिळतो. फक्त बॉडीचा गंज आणि केजचे जोड नीट बघून घ्या.

ते जमत नसेल, तर हलकी, साधी आणि जिचे सुटे भाग भंगारातही सहज मिळतात अशी गाडी निवडा. मग पहिला खर्च ब्रेकवर. १००० किलोची गाडी ताशी १८० किमीवरून ८० वर आणताना साधारण १० लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते, तीही काही सेकंदांत. त्यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्कवर येते, आणि प्रत्येक लॅपला हे अनेकदा घडतं. रस्त्यावरचे पॅड याला पुरत नाहीत. त्याहून घातक म्हणजे जुनं ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. ते उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून ट्रॅकचे पॅड, ताजं रेसिंग ब्रेक ऑइल आणि डिस्कपर्यंत हवा नेणारा साधा पाइप, एवढं आधी करा. मोठे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) दिसायला झकास असतात, पण हलक्या गाडीला सहसा लागत नाहीत.

इंजिन स्टॉकच, म्हणजे कंपनीकडून आलं तसंच ठेवा. कॉम्प्रेशन तपासा, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदला, रेडिएटर चांगला बसवा. लांब वळणात ऑइल संपच्या (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या) एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात. त्यासाठी संपमध्ये बॅफल प्लेट (ऑइल एका बाजूला पळू न देणारी आडवण) घाला आणि ऑइल प्रेशर उतरलं की लागणारा मोठा लाल दिवा डोळ्यांसमोर लावा. गेज बघायला तेव्हा फुरसत नसते. ताकद वाढवली की क्लच, गिअरबॉक्स, कूलिंग सगळंच वाढवावं लागतं आणि बजेट तिथेच संपतं.

वजन मात्र फुकटात उतरतं. मागची सीट, कार्पेट, नियमात बसत असेल तर एसीही काढा. फ्लोअरवरचा डांबरी थर सुक्या बर्फाने कडक करून हातोडीने ठोकला की पापुद्र्यासारखा निघतो (दारं उघडी ठेवून करा, बंद जागेत तो वायू जीवघेणा ठरतो).

सस्पेन्शनमध्ये चांगले शॉक ॲब्सॉर्बर घ्या आणि अलाइनमेंटवर वेळ घाला. पिटमध्ये येताच टायरचं तापमान आत, मध्ये, बाहेर असं तीन ठिकाणी मोजा. मधला भाग जास्त तापला तर हवा जास्त आहे, बाहेरची कड तापली तर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला असणं) वाढवा. ट्रॅकवर पुढच्या चाकांना अडीच-तीन अंश कॅम्बर असणं नवल नाही. प्रोबचा (टायरच्या रबरात टोचायचा) तापमापक स्वस्त असतो, आणि माझ्या मते कुठल्याही टर्बोपेक्षा त्याने लॅप टाइम जास्त सुधारतो.

काटकसर कशात नको? सीट, बेल्ट, हेल्मेट. बेल्टवरच्या लेबलवर मुदत छापलेली असते, आणि अपघातात ताणलेला बेल्ट वरून नवाकोरा दिसतो. हे तिन्ही जुने घेऊ नका. उरलेल्या पैशांत पॅडचा एक जास्तीचा सेट, व्हील बेअरिंग आणि सरावाचे लॅप.